मोटरसायकलच्या इंजिनाचा गुरुत्वमध्य कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात हिंगणा रोडच्या बाजूला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. इंजिन स्टँड, माउंटिंगचे ब्रॅकेट, कधी कॉलेजच्या पोरांच्या रेसिंग गाडीची फ्रेम, अशी कामं चालतात. गुरुत्वमध्याचे प्रश्न फोनवर बारा महिने येतात आणि बहुतेक वेळा तेच ते असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याची गरज पडली तिथे प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. गुरुत्वमध्य म्हणजे नेमकं काय? इंजिनाचा मधला भाग धरला तर नाही चालत का?

नाही चालत. इंजिनाचं सगळं वजन एकाच बिंदूत गोळा झालंय असं धरलं तर तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. वर्कशॉपमध्ये सगळे त्याला 'सीजी' म्हणतात. दिसायला सिलिंडर आणि हेड मोठे दिसतात, पण ते ॲल्युमिनियमचे आणि आतून पोकळ. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड असतं, आणि क्रँक, मॅग्नेटो, क्लच, गिअर हे सगळं पोलाद खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्यात बसलेलं असतं. त्यामुळे उभ्या सिलिंडरच्या सिंगल (एकाच सिलिंडरच्या) इंजिनात गुरुत्वमध्य साधारणपणे क्रँकच्या थोडा वर आणि गिअरबॉक्सच्या बाजूला थोडा मागे सापडतो. स्प्लेंडरसारख्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनाचं गणित वेगळं. तिथे हेड पुढे झुकलेलं असल्याने गुरुत्वमध्य खाली आणि पुढे येतो. पण 'साधारणपणे' या शब्दावर ब्रॅकेट वेल्ड करू नका.

२. एवढं मोजून करायचं काय?

तीन कामं. इंजिन उचलताना हूक बरोबर त्याच्या वर आला नाही तर इंजिन कलंडतं. माउंटिंगच्या कोणत्या बोल्टवर किती भार येणार ते यावरून कळतं. आणि पूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य काढायचा तर इंजिनाचा आधी लागतो.

अचूकता किती हवी ते कामावर ठरवा. समजा गाडी १५० किलोची आणि इंजिन २५ किलोचं. इंजिन २० मिमी वर सरकवलं तर गाडीचा गुरुत्वमध्य जेमतेम ३.३ मिमी वर जातो, आणि वर ७० किलोचा माणूस बसला की तोही फरक आणखी पातळ होतो. उचलायला आणि ब्रॅकेटला ५ मिमीपर्यंतची चूक चालून जाते. रेसिंग गाडीसाठी २ मिमीच्या आत या. त्याहून बारीक आकडा कोणी सांगत असेल तर त्याला काटा कोणता वापरला ते विचारा.

३. भाऊ, वस्तुमानमध्य आणि गुरुत्वमध्य वेगळे ना? मग काढायचा कोणता?

पुस्तकात वेगळे, इंजिनात एकच. एवढ्याशा वस्तूच्या वरच्या आणि खालच्या टोकाला गुरुत्वाकर्षण सारखंच असतं.

४. इंजिन कोणत्या अवस्थेत तोलायचं? ऑइल ठेवायचं की काढायचं?

ऑइल काढायचं, आणि नीट निथळू द्यायचं. ड्रेन बोल्ट उघडून इंजिन रात्रभर तसंच ठेवा. ऑइल आत असलं तर इंजिन तिरकं केल्यावर ते एका बाजूला वाहतं, आणि तुम्ही मोजता तो प्रत्येक वेळी वेगळाच गुरुत्वमध्य असतो. ऑइलचा हिशोब नंतर कागदावर करायचा. एक लिटर ऑइल म्हणजे साधारण ८७० ग्रॅम. प्रश्न १० मधल्या आमच्या इंजिनात एवढं ऑइल तळाशी धरलं तर गुरुत्वमध्य सुमारे ३ मिमी खाली येतो. म्हणजे ज्या अचूकतेसाठी आपण धडपडतो, तेवढाच फरक एकटं ऑइल करतं.

बाकी जोडण्यांचं असं आहे की काहीही ठेवा, काहीही काढा, फक्त लिहून ठेवा. कार्ब्युरेटर, सेल्फ मोटर, पुढचं स्प्रॉकेट, किक, गिअर लिव्हर, सायलेन्सरचा बेंड. प्रत्येकासमोर 'आहे' किंवा 'नाही'. मी खडूने इंजिनावरच लिहितो, कारण वही शेडमध्ये कुठे जाते ते देवालाच ठाऊक.

५. अंतर कुठून मोजायचं? माझा एक आकडा आहे, पण तो कुठून मोजला तेच आता आठवत नाही.

मग तो आकडा फेकून द्या, खरंच. सुरुवातीचा बिंदू असा घ्या जो इंजिन गाडीत बसल्यावरही हाती लागेल. क्रँकचा मध्य उत्तम. पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टचा मध्यही चालतो. फिनच्या (सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या पात्यांच्या) टोकापासून किंवा कव्हरच्या कडेपासून मोजू नका.

दुसरी गोष्ट कोनाची. 'वर' म्हणजे काय, ते इंजिन गाडीत कसं बसतं त्यावरून ठरतं. जमिनीवर ठेवलेलं इंजिन त्याच्या सोयीने टेकतं, गाडीत बसतं तसं नाही. म्हणून इंजिन उतरवण्यापूर्वी, गाडी सरळ उभी असताना, दोन माउंटिंग बोल्टना जोडणारी रेघ आडवीशी किती अंश करते ते मोबाइलच्या लेव्हलवर मोजून ठेवा. नंतर तोलायच्या फळीवर (प्रश्न ८) पॅकिंग देऊन तोच कोन आणायचा. हे विसरलात तर मागचंपुढचं अंतर आणि उंची एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही चुकतात.

६. टांगून काढायची पद्धत कशी असते?

सगळ्यात जुनी, आणि माझ्या मते समजायला सगळ्यात सोपी. कोणतीही वस्तू एका बिंदूवर मोकळी टांगली की तिचा गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या बरोबर खाली येऊन थांबतो. दुसरीकडे जाऊच शकत नाही, कारण तोवर ती हलत राहते. त्याच हुकापासून ओळंबा सोडला की त्याच्या दोरीच्या रेषेवर कुठेतरी गुरुत्वमध्य आहे एवढं कळतं. मग इंजिन वेगळ्या ठिकाणून टांगा आणि दुसरी रेघ घ्या. दोन रेघा जिथे छेदतात तिथे तो.

करताना चेनपुलीला इंजिन एकाच हुकावर हवं. दोन पायांचा पट्टा वापरला तरी चालतो, पण दोन्ही पाय वर एकाच हुकात यायला हवेत. माउंटिंगच्या भोकातून जाड बोल्ट घालून त्यावरच झुलवू नका. बोल्ट भोकात घासतो, इंजिन खऱ्या जागेच्या आधीच अडकतं आणि आपण समजतो स्थिर झालं. शॅकल (यू आकाराची कडी) लावा. हलकासा धक्का द्या, थांबू द्या, पुन्हा धक्का द्या. दोन्ही वेळा एकाच जागी थांबलं तर खरं.

दोन रेघांमधला कोन ६० ते ९० अंश ठेवा. एकमेकींच्या जवळून जाणाऱ्या रेघा छेदतात कुठे ते डोळ्याला नीट कळत नाही. मी तिसरी रेघही घेतो. तिन्ही एका बिंदूत कधीच येत नाहीत, छोटा त्रिकोण होतो. तो त्रिकोण ५ मिमीच्या आत असला तर काम झालं, मोठा असला तर पुन्हा टांगा.

आणि हो, इनटेकच्या रबराला किंवा फिनला पट्टा अडकवू नका. फिन बिडासारखी ठिसूळ असते, कटकन तुटते. इंजिनाखाली पाय नाही, आणि खाली जुनं टायर ठेवायचं.

७. इंजिन तर खडबडीत आहे, रेघ मारायची कुठे? आणि ओळंबा स्थिरच होऊन नाही राहिला.

दुसऱ्याचं उत्तर आधी: कूलर बंद करा. नागपुरात मे महिन्यात हे जिवावर येतं, मान्य आहे. पण कूलरच्या वाऱ्यात ओळंबा पाच-सहा मिलिमीटर सहज डुलतो. आम्ही एकदा दुपारभर रेघा घेतल्या आणि त्रिकोण बोटाएवढा आला. कारण काय, तर शेजारच्या खोलीतला कूलर दारातून आमच्यावर वारा मारत होता. तेव्हापासून सकाळी आठच्या आत टांगतो, आणि ओळंब्याचा गोळा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवतो. पाणी त्याला लवकर शांत करतं.

रेघेसाठी दोन उपाय. एक म्हणजे इंजिनाच्या बाजूला माउंटिंग बोल्टने जाड पुठ्ठा कसून बसवायचा आणि त्यावर पेन्सिलने रेघ मारायची. पुठ्ठा हलका असल्याने फरक पडत नाही. दुसरा मोबाइलचा फोटो. पण जवळून काढलेला फोटो रेघ खोटी दाखवतो. चार-पाच मीटर मागे जा, झूम करा, कॅमेरा गुरुत्वमध्याच्या अंदाजे उंचीवर धरा. मग दोन्ही फोटो बोल्टच्या भोकांवरून एकमेकांवर जुळवा. पुठ्ठ्यावर माझा जास्त भरवसा आहे.

८. काट्यावर तोलून कसं काढतात?

मजबूत फळी घ्या, १९ मिमीचं प्लाय पुरतं. तिच्या खाली दोन टोकांना दोन गोल गज आडवे पक्के बसवा. लोहाओळीत (लोखंडाच्या बाजारात) १६ मिमीचा गज कापून मिळतो. एक गज काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. फळी लेव्हलमध्ये आणा, आधी रिकाम्या फळीचं वजन लिहा, मग इंजिन प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या कोनात तिच्यावर बांधा.

काट्याने दाखवलेलं वजन, वजा फळीचं, गुणिले दोन गजांमधलं अंतर, भागिले इंजिनाचं एकूण वजन. येतं ते ठोकळ्यावरच्या गजापासूनचं अंतर, काट्यावरच्या गजापासूनचं नाही. इथे निम्मे लोक उलटं करतात. पडताळा सोपा: ज्या टोकाला जास्त वजन, गुरुत्वमध्य त्या टोकाच्या जवळ.

गज गोल का? फळी नेमकी कुठे टेकलीय ते एका रेषेत कळावं म्हणून. फळी थेट काट्यावर ठेवली तर ती पॅनच्या अलीकडच्या कडेवर टेकली की पलीकडच्या, सांगता येत नाही. तिथेच १०-१५ मिमी जातात.

९. काटा कोणता घ्यायचा? आमच्याजवळ धर्मकाटा आहे, तिथे होईल का?

धर्मकाटा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो. ट्रकला ठीक, इंजिनाला निरुपयोगी. बाथरूमचा वजनकाटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने सांगतो. आडव्या मापाला कसाबसा चालेल, उंचीला नाही (कारण प्रश्न ११ मध्ये). किराणा दुकानातला ३० किलोचा टेबल काटा सगळ्यात बरा, तो ५ ते १० ग्रॅमपर्यंत दाखवतो. कोणाचा तरी रविवारी मागून आणा.

एकच काटा पुरतो. दुसऱ्या टोकाला ठोकळा, मग अदलाबदल करून तिथलं वजन. दोन्हींची बेरीज एकूण वजनाएवढी आली तर मांडणी बरोबर. टिनाच्या शेडमध्ये दुपारी काट्याचा शून्य सरकतो, म्हणून दर वेळी रिकामा असताना शून्यावर आणा.

१०. उंची कशी काढायची? आडवं अंतर आलं, पण उंचीवर गाडी अडून राहिली.

सगळ्यांची इथेच अडते. सपाट फळीवर गुरुत्वमध्य कितीही उंच असला तरी काट्याला फरक कळत नाही. त्यासाठी फळी तिरकी करावी लागते. काटा खालच्या टोकाला जमिनीवर सपाटच ठेवा आणि दुसरं टोक ठोकळ्यांवर उचला. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका तो खालच्या टोकाकडे झुकतो आणि काट्यावरचं वजन वाढतं. त्या वाढीतून उंची निघते:

उंची = वजनातली वाढ × गजांमधलं अंतर ÷ (एकूण वजन × कोनाचा टॅन)

आमच्याकडच्या एका १५० सीसी सिंगलचे आकडे देतो. इंजिन २४.६० किलो, गजांमध्ये ६०० मिमी, काटा पुढच्या टोकाला. सपाट असताना काट्यावर १३.९४ किलो. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या गजापासून ३४० मिमी, पुढच्यापासून २६०. मग मागचं टोक २०५ मिमी उचललं. २०५ भागिले ६०० म्हणजे कोनाचा साइन ०.३४२, म्हणजे कोन २० अंश, त्याचा टॅन ०.३६४. काट्यावर १६.०५ किलो, म्हणजे २.११ किलोची वाढ. २.११ × ६०० ÷ (२४.६० × ०.३६४) = सुमारे १४१ मिमी.

आता बारकावे. ही उंची गजांच्या मध्यापासूनची आहे, फळीच्या वरच्या पृष्ठापासूनची नाही. फळीची जाडी आणि गजाची त्रिज्या मिळून आमच्याकडे २७ मिमी होते, तेवढे वजा केले की इंजिनाच्या तळापासूनची उंची येते. रिकाम्या फळीचं वजन सपाट आणि तिरकी अशा दोन्ही स्थितींत वेगवेगळं घ्या, कारण फळीलाही स्वतःचा गुरुत्वमध्य असतो. इंजिन पट्ट्याने आवळलेलं हवं आणि वरून चेनपुलीची सैल साखळी सुरक्षेसाठी. साखळी सैल म्हणजे खरंच सैल, नाहीतर काटा तिचंच ओझं सांगेल.

११. तिरकं किती करायचं? मी थोडंसंच उचललं होतं, दर वेळी वेगळीच उंची येऊन राहिली.

थोडंसं उचललं म्हणूनच. वरच्याच इंजिनात काट्याची चूक ५० ग्रॅम धरा. ५ अंशांना त्याने उंचीत जवळपास १४ मिमीची चूक होते, २० अंशांना ३.४ मिमीची. काटा १० ग्रॅमपर्यंत बरोबर असेल तर २० अंशांना चूक मिलिमीटरच्याही आत. ३० अंशांच्या पुढे मात्र इंजिन पट्ट्यात सरकायला लागतं.

दुसरा चोर म्हणजे घर्षण. तिरकी फळी दोन्ही टोकांना अडकून बसते आणि आडवा जोर देते, तो वजनात मिसळतो. काट्याच्या पॅनवर दोन गुळगुळीत पट्ट्या, मध्ये भरपूर ग्रीस, आणि वरच्या पट्टीवर गज. मग फळीला बोटाने टिचकी मारा. काटा जिथे परत परत येतो तो आकडा खरा.

१२. डावं-उजवं मोजायची गरज आहे का?

उचलायचं असेल तर नाही, हूक सरकवून जमतं. फ्रेम बनवत असाल तर हो. बहुतेक भारतीय सिंगल इंजिनांत मॅग्नेटो डावीकडे आणि क्लच उजवीकडे असतो, ते एकमेकांना बरंचसं सांभाळून घेतात. इंजिन फळीवर उभंच ठेवून ९० अंशांत फिरवा आणि प्रश्न ८ ची कृती तशीच करा.

१३. पिस्टन वर आहे की खाली, याने फरक पडतो ना?

पडतो, पण कामापुरता नाही. पिस्टन आणि पिन मिळून १५० ग्रॅम धरले आणि स्ट्रोक ५७ मिमी, तर २४.६ किलोच्या इंजिनात हे ०.३५ मिमी होतात. त्यातही क्रँकचं काउंटरवेट उलट्या दिशेने जातं, म्हणजे प्रत्यक्षात आणखी कमी. जुन्या बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिमी आहे, तिथेही मिलिमीटरच्या आतच. पिस्टन वरच्या टोकाला आणून ठेवा आणि विसरा.

१४. टांगून एक उत्तर आलं, काट्यावर दुसरंच. खरं कोणतं?

दोन्ही तपासा, पण आधी इंजिन तेच होतं का ते पाहा. आमचा स्वतःचा घोळ सांगतो. टांगताना किक अडत होती म्हणून काढली, काट्यावर ठेवताना कोणीतरी परत लावली. अर्ध्या किलोची किक, गुरुत्वमध्यापासून २०० मिमी दूर: उत्तरात ४ मिमीचा फरक. दोन तास आम्ही सूत्राला दोष देत बसलो होतो.

ते नसेल तर कोन (प्रश्न ५), मग गजाचा मध्य (प्रश्न १०), मग घर्षण (प्रश्न ११), या क्रमाने पाहा. सगळं ठीक असूनही ३ मिमीचा फरक उरला तर आडव्या अंतरासाठी काट्याचं उत्तर घ्या. उंचीसाठी मी टांगलेल्याचं घेतो, तिथे छोटा आकडा मोठ्या आकड्यातून वजा करावा लागत नाही.

१५. कॉम्प्युटरवर मॉडेल बनवलंय, सॉफ्टवेअर गुरुत्वमध्य देतं. मग एवढा खटाटोप कायले?

सॉफ्टवेअर तुम्ही दिलेल्या घनतेवर चालतं. सेल्फ मोटर भरीव पोलादाची काढली असेल तर ती दुप्पट जड होते, आणि केसच्या आतल्या रिब (मजबुतीच्या पट्ट्या) तर कोणी काढतच नाही. कॉलेजच्या पोरांना मी एकच विचारतो: मॉडेलचं एकूण वजन काट्याशी जुळतं का? जुळत नसेल तर त्याचा गुरुत्वमध्य पाहायचीही गरज नाही. आणि जुळलं तरी निश्चिंत होऊ नका, दोन चुका वजनात एकमेकींना झाकू शकतात.

१६. इंजिन गाडीतून न काढता नाही होत का?

न काढता नाहीच. इंजिनासकट गाडी आणि इंजिनाशिवाय गाडी तोलून वजाबाकी करता येते, पण मग इंजिन काढावंच लागलं ना. शिवाय चूक वाढते. १३०० मिमी व्हीलबेसच्या (दोन चाकांच्या मध्यांमधल्या अंतराच्या) गाडीत पुढच्या चाकाच्या वजनात २०० ग्रॅमची चूक झाली तर २५ किलोच्या इंजिनाची जागा १० मिमीने सरकते. काढलंच आहे तर सरळ फळीवर ठेवा.

१७. रबर माउंटिंगच्या थरथरीसाठी गुरुत्वमध्य पुरतो का?

अर्धंच काम होतं. इंजिन वळायला किती विरोध करतं, ते जडत्व आघूर्णही लागतं. त्यासाठी फळी तीन सारख्या तारांनी टांगून हलकी पीळ देऊन झुलवतात आणि झोक्याचा वेळ मोजतात. त्यात इंजिनाचा गुरुत्वमध्य फळीच्या मध्यावर बरोबर हवा, म्हणून आधी हे, मग ते.

१८. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं आहे. गुरुत्वमध्य जुळला की झालं?

लोखंडाचं झालं, कागदाचं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या अशा बदलांवर बंधनं आहेत. वेल्डिंग करण्याआधी आरटीओत विचारा, नंतर नाही. ट्रॅकवरच चालणाऱ्या गाडीचे नियम स्पर्धेच्या पुस्तकात असतात.

१९. अमुक मॉडेलचा तयार आकडा आहे का तुमच्याकडे? सांगून द्या ना.

रोज येणारा प्रश्न. तयार आकडा दिला तर तुमच्या इंजिनाला कार्ब्युरेटर आहे की नाही, ते मला कुठे माहीत. तरी प्रश्न १० मधल्या त्या १५० सीसीचं उत्तर पूर्ण लिहितो, तुमचं कसं लिहायचं ते कळेल: क्रँकच्या मध्यापासून ३५ मिमी मागे, ३६ मिमी वर, ४ मिमी उजवीकडे. ऑइल काढलेलं, कार्ब्युरेटर नाही, सेल्फ मोटर आहे, स्प्रॉकेट आहे, किक नाही, पिस्टन वर. कोन गाडीतल्यासारखा, काटा १० ग्रॅमचा, कूलर बंद.